काचेच्या टाकीतला ‘समतोल’ : एका कल्पनेचा इतिहास



मत्स्यालयातलं पाणी हा रसायनशास्त्राचा विषय, फार तर जीवशास्त्राचा. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या आमच्यासारख्यांचं इथे काय काम, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल, तर तो रास्तच आहे. त्याचं उत्तर आधी देऊन टाकू. घरात नवी टाकी येते, वाळू पसरतात, पाणी भरतात, त्याच दिवशी सात-आठ मासे सोडतात. पाणी आरशासारखं नितळ असतं. आणि आठ-दहा दिवसांत एकेक मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागतो, मग मरतो. पाण्यात डोळ्यांना काहीही वावगं दिसत नाही. डोळ्यांना न दिसणारं हे कारण माणसाला सापडलं कसं, हा आजचा आपला विषय आहे. ते सापडायला एकोणिसाव्या शतकातली चाळीस वर्षं गेली. आणि त्या वाटेत एक फार देखणा शब्द आडवा आला होता. तो शब्द म्हणजे ‘समतोल’.

थोडं मागे जाऊ. १७७१ साली इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी, जिथे मेणबत्ती विझली होती अशा कोंडलेल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळली. १७७९ साली यान इंगेनहूझ यांनी दाखवलं, की वनस्पतींचं हे काम फक्त उजेडात चालतं आणि फक्त हिरव्या भागांत चालतं. यातून एक चित्र तयार झालं : प्राणी हवा बिघडवतात, वनस्पती ती सुधारतात, आणि सृष्टी म्हणजे जणू दोन पारड्यांचा तराजू. त्या काळच्या लोकांना यात ईश्वरी योजना दिसली, आणि त्यांना दोष देता येत नाही. चित्र खरंच सुंदर होतं. अपुरं होतं, एवढंच.

आता पाण्याकडे येऊ. १८३२ साली सिसिलीतल्या मेसिना इथे जान व्हिलप्रो-पॉवर या बाईंनी काचेच्या टाक्या करवून घेतल्या. त्यांना एक वाद मिटवायचा होता. अर्गोनॉट नावाचा आठ हातांचा प्राणी आपलं शंखासारखं कवच स्वतः तयार करतो, की दुसऱ्याचं बळकावतो? तो स्वतःच तयार करतो, हे त्यांनी टाकीत पाहून सिद्ध केलं. पण त्यांच्या दाराशी समुद्र होता. पाणी बिघडलं तर बदलायला कितीसा वेळ लागणार? ज्यांच्या दाराशी समुद्र नव्हता, त्यांची गोष्ट वेगळी. १८४६ साली ॲना थिन या बाईंनी टॉर्की इथून प्रवाळ लंडनला आणले. समुद्राचं पाणी मोजकंच होतं. म्हणून त्यांच्या घरची मोलकरीण ते पाणी रोज खिडकीशी उभी राहून या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बसायची. आज आपण टाकीत हवेचा पंप लावतो. त्या काळी तो पंप म्हणजे एका बाईचे दोन हात होते.

आणि मग आपल्या गोष्टीतला मुख्य माणूस येतो, रॉबर्ट वॉरिंग्टन. लंडनच्या अपोथेकरीज हॉलमध्ये, म्हणजे औषधविक्रेत्यांच्या जुन्या संघाच्या वास्तूत, ते रसायनतज्ज्ञ होते. १८४१ साली लंडनची केमिकल सोसायटी उभी राहिली ती मुख्यतः त्यांच्या खटपटीनं. १८४९ साली त्यांनी बारा गॅलनचं, म्हणजे सुमारे पंचावन्न लिटरचं, एक काचपात्र घेतलं आणि ते झऱ्याच्या पाण्यानं अर्धं भरलं. तळाशी वाळू आणि चिखल होता. त्यावर चुनखडीचे आणि वाळूखडकाचे दगड, माशांना खाली शिरता येईल असे रचले. व्हॅलिसनेरिया ही लांब पात्यांची पाणवनस्पती लावली आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. हे तपशील लक्षात ठेवा, विशेषतः वाळू, चिखल आणि चुनखडी. पुढे त्यांची गरज लागणार आहे.

काही काळ सगळं ठीक चाललं. मग वनस्पतीची जुनी पानं कुजू लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर बुळबुळीत थर धरला. वॉरिंग्टननी काय केलं, तर तळ्यातल्या पाच-सहा गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि तो थर खाऊन टाकला, पाणी निवळलं. वर गोगलगाईंची अंडी माशांचं खाद्य झाली! मासे, वनस्पती, गोगलगाय : तिघांनी तिघांना सांभाळायचं. १८५० साली त्यांनी केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात हे प्रसिद्ध केलं, आणि प्राणिसृष्टी व वनस्पतिसृष्टी यांच्यातला मेळ असा कायमचा राखता येतो, असं प्रतिपादन केलं.

यानंतर काय झालं, ते आपल्या ओळखीचं आहे. लोकांना वेड लागलं. १८४५ साली काचेवरचा कर उठला होता, काच स्वस्त झाली होती. १८५३ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडलं. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांचं ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आलं, आणि त्यामुळे हा शब्द घरोघरी पोहोचला. मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत टाक्या झळकू लागल्या. आणि पाठोपाठ टाक्यांतले प्राणी मरू लागले. दहा-पंधरा वर्षांत ते वेड ओसरलं. पुष्कळांनी वनस्पती लावली होती, गोगलगाई सोडल्या होत्या, कृती जशीच्या तशी केली होती. तरी मासे का मरावेत?

इथे आम्हाला आमच्या शास्त्राची आठवण होते. न्यायशास्त्रात ‘अन्यथासिद्ध’ नावाची एक कल्पना आहे. घडा तयार होण्याआधी माती असते, चाक असतं, दांडा असतो, कुंभार असतो. आणि माती वाहून आणणारं गाढवही असतं. पण गाढव घड्याचं कारण आहे का? नाही. ते तिथे होतं, घड्याच्या आधी होतं, पण माती बैलगाडीनं आली असती तरी घडा झालाच असता. कार्याच्या आधी हजर असणं आणि कार्याचं कारण असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता वॉरिंग्टनच्या काचपात्राकडे या नजरेनं पाहा. गोगलगायीनं कुजकं पान खाल्लं, हे खरं. पण खाल्लेल्या पानातला नायट्रोजन कुठे गेला? तो तिच्या शरीरातून, माशाच्या शरीरातून जातो तसाच, अमोनिया होऊन पुन्हा पाण्यात उतरला. घाण दिसेनाशी झाली, पण गेली नाही. निदान या एका बाबतीत गोगलगाय म्हणजे कुंभाराचं गाढवच. वनस्पतीचं तसं नाही, ती प्राणवायू देते, थोडा अमोनियाही शोषून घेते. पण खरे कामकरी तिसरेच होते. ते त्या वाळूत, चिखलात आणि दगडांवर बसलेले होते, आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

एका माणसाला मात्र अनुभवानं काहीतरी कळलं होतं. विल्यम अल्फर्ड लॉइड हा लंडनमध्ये मत्स्यालयाचं सामान विकणारा दुकानदार. पुढे १८६४ मध्ये हँबुर्गचं आणि १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचं मोठं मत्स्यालय त्याच्या देखरेखीखाली उभं राहिलं. त्याची युक्ती अशी : प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांच्या खाली, अंधारात, त्यांच्या कितीतरी पट मोठा हौद बांधायचा आणि पाणी सतत वर-खाली खेळवत ठेवायचं. अंधारात वनस्पती वाढत नाहीत. तराजूचं एक पारडंच गायब! तरीही पाणी चांगलं राहायचं. समतोलाचा सिद्धांत इथे लंगडा पडतो, हे खरं तर तेव्हाच दिसायला हवं होतं.

उत्तर आलं ते भलत्याच दिशेनं : मैलापाणी, शेती आणि बंदुकीची दारू यांच्या बाजूनं. बंदुकीच्या दारूला सोरा लागतो. जुन्या गोठ्यांच्या भिंतींवर, उकिरड्याच्या मातीवर सोरा फुलतो, हे लोकांना शतकानुशतकं ठाऊक होतं. बिहारमधले नोनिया लोक अशा मातीतूनच सोरा काढत, आणि ईस्ट इंडिया कंपनी तो जहाजं भरभरून नेत असे. शेणामुतातला अमोनिया मातीत जाऊन सोरा, म्हणजे नायट्रेट, कसा होतो? बहुतेकांना वाटे, ही हवेतल्या प्राणवायूची साधी रासायनिक क्रिया असणार.

१८७७ साली श्लेझिंग आणि म्युन्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. लांब नळीत वाळू आणि चुनखडीची पूड भरली, आणि वरून मैलापाणी थेंबथेंब सोडलं. वीस दिवस काहीच घडलं नाही. वरून गेलेला अमोनिया खालून तसाच बाहेर यायचा. आणि वीस दिवसांनंतर खालच्या पाण्यात नायट्रेट दिसू लागलं. क्रिया निव्वळ रासायनिक असती, तर वीस दिवस थांबली कशाला असती? मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. क्रिया बंद पडली. क्लोरोफॉर्म काढून घेतला, तरी ती बंदच राहिली. शेवटी थोडी बागेतली माती पाण्यात कालवून वरून ओतली, आणि काही दिवसांनी क्रिया पुन्हा सुरू झाली. आपल्या घरात दूध विरजणाऱ्या कुणालाही याचा अर्थ सांगावा लागणार नाही. दुधाचं दही होण्यासाठी विरजण लागतं, वेळ लागतो, आणि विरजण मेलं तर दही लागत नाही. नळीतल्या वाळूवर जिवंत विरजण तयार झालं होतं.

हे वाचून इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती-संशोधन केंद्रात एका रसायनतज्ज्ञानं हाच प्रश्न हाती घेतला. त्याचं नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. होय, तेच नाव. त्या पहिल्या वॉरिंग्टनांचा मुलगा. १८४९ साली वडिलांनी काचपात्रात दोन मासे सोडले, तेव्हा हा दहा-अकरा वर्षांचा होता. रसायनशास्त्राचे पहिले धडे त्यानं वडिलांच्याच प्रयोगशाळेत गिरवले. वडील १८६७ साली गेले, आणि त्यानंतर दहा वर्षांनी मुलगा शेतातल्या मातीत जे शोधू लागला, तेच वडिलांच्या टाकीतल्या वाळूत तेव्हा चाललेलं होतं.

मुलानं काय दाखवलं? एक, अमोनियाचं नायट्रेट एका उडीत होत नाही. मध्ये नायट्राइट नावाची पायरी आहे. दोन, या दोन पायऱ्यांचं काम दोन वेगवेगळे जीव करतात. पहिले कामाला लागतात तेव्हा दुसरे अजून जागेवर नसतात. तीन, ही क्रिया अंधारात चांगली चालते. लॉइडचा अंधारा हौद आठवा! पण ते जीव वेगळे काढणं वॉरिंग्टनना साधेना, कारण त्या काळी जिवाणू जिलेटिनवर वाढवत, आणि हे जीव जिलेटिनवर वाढायलाच तयार नव्हते. हे कोडं १८९० साली झुरिकमध्ये सर्गेई विनोग्राद्स्की यांनी सोडवलं. त्यांनी ओळखलं, की यांना सेंद्रिय अन्न नकोच आहे. अमोनिया हेच त्यांचं इंधन. मग सेंद्रिय द्रव्य नसलेल्या वाळूजन्य जेलवर त्यांनी ते वाढवून दाखवले. उजेड नाही, सेंद्रिय अन्न नाही, आणि तरी जीव जगतो. जीवन म्हणजे काय या आमच्या जुन्या प्रश्नातही त्यामुळे एक नवी खोली उघडली.

आता ही सगळी शिदोरी घेऊन घरच्या टाकीकडे येऊ. नव्या टाकीत पाणी आहे, वाळू आहे, पण विरजण लागलेलं नाही. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, उरलेलं खाद्य कुजून त्यात भर घालतं. हा अमोनिया रंगहीन असतो. पहिले जिवाणू वाढले, की अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढतं. तेही रंगहीन. पण ते माशाच्या रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही, रक्त तपकिरी पडतं. पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. दुसरे जिवाणू वाढले, की नायट्राइटचं नायट्रेट होतं. ते बरंच सौम्य. श्लेझिंग-म्युन्झच्या नळीला वीस दिवस लागले. आपल्या टाकीला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस एक-दोन मासे, चिमूटभर खाद्य, आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडं पाणी बदलणं. आणि कुणाच्या जुन्या टाकीतला मळका स्पंज मिळाला, तर तो घ्यावा. विरजण शेजारून आणायला लाज कसली?

नळाच्या पाण्याबद्दलही एक गोष्ट. पहिल्या वॉरिंग्टनांनी झऱ्याचं पाणी घेतलं होतं. शहरांच्या पाण्यात कायम क्लोरीन घालण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. अमेरिकेतल्या जर्सी सिटीत ती १९०८ साली सुरू झाली. आपल्याला कॉलऱ्यापासून वाचवणारं हे क्लोरीन माशाचे कल्ले जाळतं, आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धरला, तर विरजणही मारतं. क्लोरोफॉर्मचाच प्रयोग आपण स्वच्छतेच्या नावाखाली रविवारी सकाळी करत असतो. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात, हलक्या हातानं.

आता चुनखडीकडे येऊ. नळीत चुनखडी होती, वॉरिंग्टनच्या तळाशीही चुनखडीचे दगड होते. का? अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं. चुनखडी ते शोषते. पाण्यात असे क्षार नसतील, तर पाणी हळूहळू आम्लधर्मी होत जातं. हे मोजायचं माप, म्हणजे सामू किंवा पीएच, १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी दिलं. आणि त्या मापानं एक विलक्षण गोष्ट उलगडते. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, एक विषारी आणि एक जवळजवळ निरुपद्रवी. पंचवीस अंश तापमानाला सामू साडेसहा असेल, तर हजारात दोनच भाग विषारी असतात. सामू आठ झाला, की हजारात चोपन्न.

हे आपल्याकडे कसं घडतं ते पाहा. धरणाचं पाणी बहुधा मृदू असतं, त्यात क्षार कमी. वर्षभर जुन्या टाकीत आम्ल साठत जातं, सामू उतरतो, जिवाणू मंदावतात, अमोनिया साठतो. पण निरुपद्रवी रूपात. मासे ठीक दिसतात. मग एप्रिल-मे येतो, नळाला पाणी नसतं, सोसायटीत टँकर येतो. ते पाणी बोअरचं, आपल्या दख्खनच्या काळ्या बेसॉल्टच्या भेगांतून आलेलं, जड, सामू आठच्या घरात. टाकी फार दिवसांत धुतली नाही म्हणून आपण तीन चतुर्थांश पाणी एकदम बदलतो. बराचसा अमोनिया जातो, पण उरलेला काही तासांत जवळपास तीसपट विषारी होतो, आणि रात्रीतून टाकी साफ! हेतू स्वच्छतेचा होता, कृती काळजीची होती, आणि मासे मेले ते त्या कृतीनंच. उपाय साधा आहे : दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलायचं आणि पाणी कुठून आलं आहे याची चौकशी ठेवायची. अमोनिया, नायट्राइट, सामू मोजायच्या पट्ट्या किंवा थेंबांची किट मत्स्यालयाच्या दुकानात मिळते. मोजल्याशिवाय ‘पाणी चांगलं आहे’ म्हणायचं नाही.

मुलाचं उत्तरही शेवटचं नव्हतं, हे सांगायला हवं. शंभर वर्षं पुस्तकांत नायट्रोबॅक्टर हा दुसऱ्या पायरीचा धनी मानला जात होता. १९९८ साली मत्स्यालयांतच तपासलं, तेव्हा ते काम नायट्रोस्पायरा हा जिवाणू करताना सापडला. आणि २०१५ साली दोन गटांना असे नायट्रोस्पायरा सापडले, की जे दोन्ही पायऱ्या एकट्यानं चढतात. त्यांतल्या एका गटाला ते मिळाले मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्ये. माशांच्या टाकीतून सुरू झालेली गोष्ट पुन्हा माशांच्या टाकीशी आली.

मग ‘समतोल’ या शब्दाचं काय करायचं? तो टाकून देण्याची गरज नाही, पण त्याचा अर्थ बदलून घ्यायला हवा. तराजूची पारडी एकदा स्थिर झाली, की आपण हात काढून घेऊ शकतो. टाकीतला समतोल तसा नाही. तो दर तासाला कुणीतरी काम करतं म्हणून टिकलेला असतो, आणि त्या कामकऱ्यांना वेळ, प्राणवायू आणि क्षार लागतात. शेवटचं नायट्रेट बाहेर काढायला आपला हात लागतोच.

आपल्याकडे टाकीतला मासा मेला, की ‘घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं’ असं म्हणायची पद्धत पडली आहे. दुःख हलकं करण्याचा तो एक मार्ग आहे, हे आम्हाला कळतं. पण त्या वाक्यानंतर आपण पुढचा मासा आणतो, त्याच पाण्यात सोडतो, आणि तोही संकट अंगावर घेतो. घरातलं लहान मूल विचारतं, ‘तो का मेला?’ त्या मुलाला नशीब सांगण्याऐवजी मोजायची पट्टी हातात द्यावी. कारण कळलं, तर निदान पुढचा मासा जगेल.